निघाल्या जागी परत

रात्री अकरा वाजता दिवा टेबलाच्या वर नसून खाली लागलेला आपण कधी पाहिला आहे काय? मी पाहिला आहे, आणि तोही माझ्याच घराच्या मागल्या खोलीत. खिडकीची एक जुनी काच, तिला दोन्ही अंगांनी विटांचा आधार, काचेखाली पिवळा दिवा, वर एकावर एक ठेवलेले दोन भलेमोठे कागद आणि त्यांवर वाकलेली तीन डोकी. उजेड खालून आल्यामुळे तिघांचेही चेहरे ओळखू येईनासे झालेले. आमच्या आईने हा देखावा प्रथम पाहिला तेव्हा ती दारातूनच मागे फिरली आणि मला हळूच म्हणाली, "अरे, पोरं कसली तरी पूजा मांडून बसल्यात. अमुशा हाय का आज?"

अमावस्या नव्हती. दुसऱ्या दिवशी 'सबमिशन' होते. इंजिनियरिंगच्या मुलांच्या पंचांगात अमावस्या आणि सबमिशन यांत फारसा फरक नसतो, हे मला पुढे कळले. आणि विटांवरच्या त्या काचेलाही नाव आहे, 'जी. टी.', म्हणजे ग्लास ट्रेसिंग. एकाने रात्री जागून काढलेला नकाशा बाकीच्यांनी खालच्या उजेडावर गिरवायचा, याला ती मुले 'जी. टी. मारणे' म्हणतात. मी चित्रकला शिक्षक. माझ्या वर्गात कोणी चित्र छापले, तर मी त्याला ते पुन्हा काढावयास लावतो. आणि येथे माझ्याच छपराखाली हा उद्योग राजरोस चालला होता! पण खरे सांगावयाचे, तर मला राग आला नाही. तीन पोरे एका दिव्याभोवती बसली होती, एक जण कागद धरीत होता, दुसरा रेघ ओढीत होता, तिसरा पेंगणाऱ्याला चिमटा काढीत होता. मला त्यांचा थोडा हेवाच वाटला.

चौथा त्यांत नव्हता. तो पलीकडच्या खोलीत दार लावून आपला नकाशा आपण काढीत होता.

आमचे गाव महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. कळंब, साकोरे, चांडोली ही आमची शेजारगावे. गावाला एकच मोठे नाव लाभले आहे, पण ते इतके मोठे आहे की, दुसऱ्याची उणीव भासत नाही. १९०८ साली येथे जन्मलेला बाबू गेनू सैद नावाचा एक गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे उभा राहिला, हटला नाही आणि त्यातच त्याचा जीव गेला. दर बारा डिसेंबरला मी फळ्यावर रंगीत खडूने त्याचे चित्र काढतो आणि मुलांना सांगतो की, जागा न सोडणे म्हणजे काय, ते या गावाने मुंबईला दाखवले आहे. गेली वीस-बावीस वर्षे हेच सांगत आलो आहे. सांगणे सोपे असते.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिक. दहावी म्हणा हवे तर, पण आमच्या घरी अजून मॅट्रिकच म्हणतात. त्यापुढे चित्रकला शिक्षकाची दोन वर्षे केली आणि शाळेत लागलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इंजिनियर व्हावे, असे मला फार वाटे. वडिलांनी त्या वर्षीच्या उसाच्या बिलाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काहीच बोलले नाहीत. विषय तेथेच संपला.

२००९ साली आमच्या तालुक्यात अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि महाराष्ट्राच्या चारी कोपऱ्यांतली पोरे मंचरच्या बाजारात दिसू लागली. त्यांतलीच ही चौघे, बांधकाम शाखेची. आमच्याकडे भाडे कमी आणि वर आमच्या सौभाग्यवतींचे पिठले फुकट, म्हणून एवढ्या लांब राहावयास आली. एक लातूरकडचा, एक जळगावचा, एक चिपळूणचा. आपसांत ती एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारीत: लातूरकर, जळगावकर, चिपळूणकर. चौथा आमच्याच तालुक्यातला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा, महादेव कोळ्याचा मुलगा. त्याला ती म्हणत आंबेगावकर. यातली गंमत परगावच्या पोरांना ठाऊक नव्हती. ज्या आंबेगावावरून आमच्या तालुक्याला नाव पडले, ते मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. कचेरी घोडेगावला आहे आणि नाव पाण्यात आहे. या मुलाच्या आजोबांचे घर त्याच पाण्यात होते. तो कोणाला काही बोलला नाही. हाक मारली की "ओ" म्हणायचा.

पंधरा सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिवशी, ही चौघे अभियंता दिन करीत. पेढे आणीत आणि आईच्या पाया पडत. विश्वेश्वरय्या पुण्याच्याच इंजिनियरिंग कॉलेजातून १८८३ साली पार पडले, आणि धरणाची आपोआप उघडणारी दारे त्यांनी शोधून काढली. ती प्रथम बसली १९०३ साली आमच्या पुणे जिल्ह्यातच, खडकवासल्याला. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की दार आपले आपण उघडते, पुराचे पाणी वाहून जाते, पातळी उतरली की दार मिटते. कोणी हात लावावयास नको. हे मला चिपळूणकराने पेढा खाता खाता समजावून सांगितले. मी म्हटले, "वा! माणसाच्या मनाला असले एखादे दार बसवता आले असते, तर किती बरे झाले असते!" मुले हसली. मीही हसलो. आठ-पंधरा दिवसांत हे वाक्य माझ्याच गळ्यात पडणार आहे, हे तेव्हा कोणास ठाऊक होते?

लातूरकराविषयी आधी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. तो आपला कागद कोणाला गिरवू देत नसे, वही ट्रंकेत कुलूप लावून ठेवी, भाजीच्या खर्चाचा हिशेब पैशापर्यंत मांडी. बाकीचे त्याला कंजूष म्हणत. पण त्याच्या वडिलांनी जमिनीवर कर्ज काढले होते, आणि आदल्या वर्षी एक विषय मागे राहिला, तेव्हा त्याने घरी आठ दिवस फोन केला नव्हता. ज्याच्याजवळ घसरावयास जागा नसते, तो पाऊल जपून टाकतो. दुसऱ्याला तो भित्रा वाटतो, एवढेच.

त्या वर्षी त्याने एका बंगल्याचा नकाशा काढला होता. प्लॅन, एलेव्हेशन आणि सेक्शन, सगळे एकाच कागदावर. अशी कामे आता संगणकावर होतात, पण काही कागद हातानेच काढावे लागतात. पितृपक्षाचे अखेरचे दिवस होते. मुले कॉलेजात गेली होती, आणि मी खोलीतला दिवा जळत राहिला म्हणून तो घालवावयास आत गेलो. कॉटवर तो कागद पसरलेला होता. मी दिवा घालवला नाही. उभा राहून पाहत राहिलो.

चित्रकला शिक्षकाला रेघ कळते. माझी रेघ हाताच्या लहरीने जाते. ही रेघ कोणाच्याही लहरीने जाणारी नव्हती. भिंतीची जाड, खिडकीची बारीक, जमिनीखालच्या पायाची तुटक. कोपऱ्यावर दोन रेघा मिळतात तेथे कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. फक्त उजव्या कोपऱ्यात शाईचा एक ठिपका पडला होता आणि तो ब्लेडने खरवडलेला होता. मला वाटले, नववीच्या मुलांना हे दाखवले पाहिजे. मी कागदाची सुरळी केली, घरातल्या तक्त्यांच्या नळकांड्यात घातली, दिवा घालवला आणि बाहेर आलो. संध्याकाळी सांगू, असे मनाशी म्हटले.

संध्याकाळी प्रकाशकांचा फोन आला. नव्या कादंबरीची मुद्रिते तपासण्यासाठी मला रातोरात पुण्यास जावे लागले. तेथे दोन दिवस मोडले. कागद साफ विसरलो. घटस्थापनेच्या दिवशी परत आलो तो सौ. दारातच म्हणाली, "अहो, पोरांच्यात चोरी झाली. लातूरकराचा नकाशा गेला. आंबेगावकरानं घेतला म्हणतात. आदल्या दिवशी त्यानंच बघायला मागितला होता."

त्या क्षणी मी एक वाक्य बोललो असतो, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता. "अगं, तो माझ्याजवळ आहे," एवढेच. पण मी थकलो होतो, पलीकडे आवाज चढले होते, आणि मला वाटले, आधी हातपाय धुवावेत. हातपाय धुतले. मग वाटले, जेवण होऊ दे. जेवताना ऐकू आले की, लातूरकर रडला, आंबेगावकराची पिशवी उलटीपालटी करून पाहिली, आणि तो एवढेच म्हणाला की, "मी घेतलं नाही." त्यानंतर मला घास गिळवेना, आणि बोलवेनाही. पहिल्या दिवशी जे एका वाक्यात संपले असते, त्याला दुसऱ्या दिवशी एक परिच्छेद लागला असता आणि तिसऱ्या दिवशी एक प्रकरण. मी कादंबरीकार असूनही मला ते प्रकरण लिहिता येईना. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे शेवटून दुसऱ्या प्रकरणात कबुली देऊन मोकळी होतात. वाचकांनाही ते आवडते.

घटात धान पेरले होते. ते रोज बोटभर वाढत होते, आणि त्याबरोबर माझे मौनही. मागल्या खोलीत आता दोन चुली झाल्या. तिघांचा एक गॅस आणि आंबेगावकराचा वेगळा स्टोव्ह. लातूरकर तोच नकाशा पुन्हा काढीत बसला. चार रात्री मला भिंतीपलीकडून ड्राफ्टर सरकल्याचा आवाज येत होता, आणि भिंतीअलीकडे, माझ्या डोक्यापासून चार हातांवर, त्याचा पहिला नकाशा नळकांड्यात उभा होता. पाचव्या दिवशी त्याने नवा नकाशा दाखल केला. डोळे लाल झाले होते. मी मनाशी म्हटले, चला, आता त्याचे नुकसान भरून निघाले, आता सांगण्याची निकड राहिली नाही. माणूस स्वतःशी किती सराईतपणे बोलतो पाहा! ज्याचे नुकसान भरून निघाले नव्हते, तो पलीकडे एकटा भात शिजवीत होता.

याच सुमारास मीच ठरवून दिलेले एक काम येऊन ठेपले. माझी आणि माझ्या चुलत भावाची विहीर सामाईक आहे. पाटाने पाणी आधी दादाच्या शेताजवळून जाते, मग माझ्या शेतात येते. गेली अकरा वर्षे माझी तक्रार अशी की, माझ्या पाळीला पाणी पुरे पोचत नाही, याचा अर्थ दादा बांधाला भोक ठेवतो. दादाचे म्हणणे, "मास्तरला दारं धरता येत न्हाईत." आमचे बोलणे सणावारापुरते उरले होते. मुलांना सर्वेक्षणाचा प्रकल्प हवा होता. मी म्हटले, आमचा पाट मोजा. मनात हे की, एकदा कागदावर चोरी दिसू दे. म्हणजे एक चोरी मी उघडी पाडावयास निघालो होतो आणि दुसरी झाकून बसलो होतो.

लेव्हल घेण्याचे काम मी त्यापूर्वी कधी जवळून पाहिले नव्हते. कॉलेजातून परवानगीने आणलेले यंत्र तिपाईवर बसवतात. त्यात दुर्बीण असते, आणि ती अगदी समपातळीत पाहते. समोर एक जण आकडे घातलेली उंच पट्टी, तिला स्टाफ म्हणतात, ती सरळ उभी धरतो. दुर्बिणीतला आकडा टिपावयाचा. यंत्राने मागची पट्टी पाहिली, पुढची पट्टी पाहिली, की मग यंत्र उचलून पुढे न्यायचे. आणि येथेच खरी मेख आहे. यंत्र हलते तेव्हा पट्टी हलता कामा नये. ज्या दगडावर ती उभी आहे, त्याच दगडावर, त्याच ठिकाणी ती उभी राहिली पाहिजे. फक्त तोंड फिरवून नव्या जागच्या यंत्राकडे करावयाचे. मग पट्टीवाला पुढे जातो आणि यंत्र थांबते. एक हलतो तेव्हा दुसरा स्थिर. दोघेही एकदम हलले तर मागचा सगळा धागा तुटला. कोणी कोणावर देखरेख करीत नाही, करताही येत नाही. दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे दिसतात, पट्टीवाल्याची नियत दिसत नाही.

आणि शेवटी निघाल्या जागी परत यावयाचे. मुलांनी मारुतीच्या देवळाची पायरी धरली होती. तिची उंची शंभर मीटर मानली. विहीर, पाट, दोन्ही शेते करून पुन्हा पायरीवर आले की शंभरच यावयास हवी. येत नाही. कधीच येत नाही, असे मुले म्हणाली. थोडा फरक पडतोच, आणि त्या फरकाला थोडी माफीही असते. ती अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणजे चौपट लांब गेलात तर माफी दुप्पटच. आमच्या फेरीला, साधारण नऊशे मीटरला, तेवीस मिलिमीटरपर्यंत माफी होती. पहिल्या दिवशी फरक आला सत्तर.

कारण उघड होते. आंबेगावकराच्या हाती पट्टी द्यावयास लातूरकर तयार नव्हता. पट्टी त्याने स्वतः धरली, पण वहीत कोण काय लिहितो याचाही त्याला भरवसा नव्हता. म्हणून तो मधेच पट्टी सोडून वही पाहावयास गेला, आणि परत आला तो पाटाच्या मऊ काठावर दुसऱ्याच ठिकाणी उभा राहिला. चार माणसे दिवसभर राबली आणि पायरी सत्तर मिलिमीटर सरकली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आईने कोयता, विळा, माझे ब्रश आणि मुलांचे यंत्र एका पाटावर मांडून सगळ्यांना हळदकुंकू लावले. मग मुले पुन्हा निघाली. उन्हात उभे राहण्याची कोणाचीच इच्छा नव्हती, म्हणून या वेळी पट्टी आंबेगावकराकडे गेली.

मी शाळेतून दुपारी शेताकडे वळलो. आश्विनातले ऊन म्हणजे काय, ते शेतावर गेल्याशिवाय कळत नाही. पाटाच्या वळणावर एक काळा दगड आहे, त्यावर पट्टी उभी होती आणि पट्टीला धरून आंबेगावकर. दुसरे कोणी दिसेना. यंत्र नुसतेच तिपाईवर पुढे उभे होते.

"बाकीचे कुठं आहेत रे?"

"दादांच्या घरी चहाला गेलेत, सर."

"आणि तू?"

"यंत्र पुढं नेलंय. माझं वाचन व्हायचं राहिलंय."

"किती वेळ झाला?"

"झाला असेल तासभर."

तिघे त्याला विसरले होते की सोडून गेले होते, हे त्यांनाही नीट सांगता आले नसते. मी म्हटले, "अरे, मग खाली बस की. झाडाखाली जा."

तो म्हणाला, "पट्टी हलली, तर सकाळपासूनचं सगळं जाईल, सर. परत येऊन त्याच जागी धरली, असं मी म्हणेन. पण त्यांना ते खरं वाटायला पाहिजे ना?"

त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे त्याला तो पुसता येत नव्हता. दर बारा डिसेंबरला फळ्यावर चित्र काढणारा मी त्याच्यासमोर उभा होतो. मी माझा रुमाल काढून त्याचे कपाळ पुसले आणि म्हणालो, "बाळ, तो नकाशा माझ्याजवळ आहे. मीच नेला होता."

"माहीत आहे, सर," तो म्हणाला.

मला वाटले, मी चुकीचे ऐकले.

"दुसऱ्या माळेच्या दिवशी आजीनं समई काढायला तुमच्या खोलीत पाठवलं होतं. नळकांड्यातनं कोपरा वर आला होता. खरवडलेला ठिपका दिसला."

"मग बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मी सांगितलं असतं, तर ते मी ठेवला म्हणाले असते. आणि..." तो थांबला. "तुम्ही सांगाल, असं वाटलं."

आठ दिवस! आठ दिवस या मुलाने वेगळा भात शिजवून खाल्ला आणि वाट पाहिली की, मास्तर बोलतील. माझ्यावर इतका विश्वास माझ्या प्रकाशकानेही कधी ठेवला नसेल. यंत्र आज पुढे येईल, उद्या येईल, म्हणून तो आपल्या दगडावर उभा होता. हललो होतो तो मी.

त्याच पावली मी दादाच्या घरी गेलो. तिघांच्या हातांत कपबश्या होत्या. दादा पान लावीत होता, वहिनी दारात उभ्या होत्या. अकरा वर्षांत त्या ओट्यावर मी बसलो नव्हतो, त्या दिवशीही बसलो नाही. उभ्यानेच सगळे सांगितले: कागद, नळकांडे, पुणे आणि नऊ दिवस. दादापुढे सांगावे लागले याचे वाईट वाटले, पण सांगताना असेही वाटले की, हेच बरे आहे. लातूरकर माझ्याकडे पाहत राहिला. तो ओरडला असता तर मला हलके वाटले असते. तो काही बोलला नाही. त्याने कपबशी खाली ठेवली आणि शेताकडे पळत सुटला. दोघे त्याच्यामागे गेले. आम्ही ओट्यावरून पाहिले, तो लातूरकर दगडाशी जाऊन उभा राहिला आहे आणि आपल्या टोपीने आंबेगावकराच्या डोक्यावर सावली धरतो आहे. वाचन होईपर्यंत त्याने ती धरली.

दादा पानाला चुना लावीत म्हणाला, "मास्तर, बसा आता. च्या निवंल."

त्या संध्याकाळी दिवे लागणीच्या आधी ती पुन्हा देवळाच्या पायरीवर आली. फरक आला नऊ मिलिमीटर. जळगावकराने उडीच मारली. मी विचारले, "आता या नवाचे काय करणार? चूक कोणाची ते शोधून काढणार का?"

"नाही सर," लातूरकर म्हणाला. "माफीतली चूक शोधत नाहीत. वाटून टाकतात. नऊ वेळा यंत्र मांडलं. प्रत्येक वेळच्या नावावर एक-एक मिलिमीटर."

हे गणित मला मॅट्रिकला कोणी शिकवले नव्हते. सत्तर आले तर पुन्हा निघावे, पहिल्या पायरीपासून. नऊ आले तर वाटून घ्यावेत आणि कोणाकडे बोट दाखवू नये. घरे चालतात, गावे चालतात, ती याच गणितावर चालत असावीत. नारायणगावच्या पलीकडे खोडदला पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तीस दुर्बिणी आहेत, पंचवीस किलोमीटरांच्या पट्ट्यात विखुरलेल्या. एकदा विज्ञान दिनाला मी शाळेची मुले घेऊन गेलो होतो. तेथे समजले की, त्या तिसांनी एकाच जागी पाहिले आणि आपापले ऐकलेले इमानाने एकत्र आणले, तर त्या एका प्रचंड दुर्बिणीचे काम करतात. तेव्हा मला ते मोठ्या शास्त्रज्ञांचे कौतुक वाटले होते. आता वाटते, चार पोरांनी एक पाट मोजणे हेही त्याच जातीचे काम आहे.

रात्री मागल्या खोलीतला स्टोव्ह बंद होता. सौ.ने चौघांना आमच्याच पंक्तीला बसवले. दसऱ्याच्या दिवशी लातूरकराने मला सोने देताना पाया पडण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहिले. तो क्षण माझा हक्काचा होता. मी तो घेतला.

पाटाचा नकाशा दिवाळीच्या सुट्टीआधी तयार झाला. चौघांनी मिळून काढला होता, चार हातांच्या चार तऱ्हा मला त्यात ओळखू येत होत्या. त्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. माझ्या शेताच्या तोंडाशी पाटाचा तळ अठरा सेंटिमीटर वर चढला आहे. पाणी तेथवर येते, तुंबते आणि मागे वळून दादाच्या खालच्या वाफ्यांत आपले आपण उतरते. बांधाला भोक नव्हते. पाणी कोणी चोरीत नव्हते, ते उताराने जात होते. अकरा वर्षे मी माझ्याच अठरा सेंटिमीटरांना दादाचे नाव देत आलो होतो.

नकाशा घेऊन मी वसुबारसेच्या संध्याकाळी दादाकडे गेलो. गाईची पूजा नुकतीच झाली होती. दादाने चष्मा लावून नकाशा पाहिला, उलटा धरून पाहिला, मग म्हणाला, "हे मी म्हनत व्हतोच की. मास्तरला दारं धरता येत न्हाईत."

"दादा, चूक माझी."

"एकट्याची न्हाई," दादा म्हणाला. "पानी माझ्यात येतंय ते मला दिसत व्हतं. मी तरी कुठं सांगितलं?"

मग आम्ही पाइपाचा हिशेब केला. खर्च निम्मा-निम्मा. वहिनींनी करंज्या पुढे ठेवल्या. अकरा वर्षांत त्यांच्या हाताची चव बदलली नव्हती.

मुले आता शिकून बाहेर पडली आहेत. मागल्या खोल्या दुसऱ्या चार जणांनी घेतल्या आहेत, आणि विटांवरची ती काचही त्यांच्याकडे वारशाने गेली आहे. आंबेगावकर रस्त्याच्या एका कामावर असतो. दर खंडेनवमीला त्याचा फोन येतो, आणि बोलता बोलता मागून लातूरकराचाही आवाज येतो, कारण दोघे एकाच खोलीत राहतात. खर्चाचा हिशेब अजून पैशापर्यंत मांडला जातो, असे ऐकतो.

पाइप गाडताना पाटाच्या वळणावरचा काळा दगड आडवा आला. गडी तो काढावयास निघाले होते. मी काही बोलण्यापूर्वीच दादा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पाइप वळवून न्या." त्यामुळे आमचा पाइप त्या ठिकाणी वाकडा गेला आहे. पाणी मात्र दोन्ही शेतांत पोचते.